सतरावी चाल

१९ जून. सकाळपासून एकच काम हातात धरलंय. सेलामास्तरांच्या पुस्तकाची फाइल छपाईसाठी पक्की करणं. छापखान्यानं उद्या संध्याकाळपर्यंतची मुदत दिलीय. एकशे बारा पानं, सतरा गाणी, आणि ‘उगम’ नावाचं ते पहिलं प्रकरण, जे मी अकरा वर्षांत किती वेळा टाइप केलं ते विचारू नका. मास्तर मार्चमध्ये गेले. आता दुरुस्त्या तरी थांबतील असं मला वाटलं होतं. आज बेचाळिसाव्या पानाच्या समासात त्यांच्या शिसपेन्सिलीतली ओळ सापडली : ‘येथे ताईंचे मत घ्यावे.’ घेतलं नाहीत, मास्तर. आणि आता मत देऊन उपयोग काय?

त्यांचं शाळेच्या दाखल्यावरचं नाव वेगळं होतं, पण तलवाड्यापासून गेवराईपर्यंत ते कुणी वापरत नव्हतं. बोलता बोलता ते मध्येच थांबत, उजव्या हाताचं बोट वर करत, डोळे मिटत आणि म्हणत, “सेला.” मग गप्प. किती वेळ, याला काही नियम नव्हता. नवखा माणूस घाबरून पाणी आणायला धावे. ओळखीचा तेवढ्यात चहा सांगून येई. माझं टायपिंगचं दुकान तहसील कचेरीसमोर. सातबारे, शपथपत्रं, लग्नपत्रिका अशी सगळी घाईची कामं. मिटलेल्या डोळ्यांसाठी माझ्याकडं वेळ नव्हता. एकदा हयातीच्या दाखल्याचा मजकूर सांगताना ते म्हणाले, “मी खाली सही करणार आज रोजी हयात आहे. सेला.” मी ऐकलं तसं टाइप केलं. पेन्शनच्या कारकुनानं कागद परत पाठवला. त्यावर लाल पेनानं लिहिलं होतं, ‘सेला म्हणजे कोण? वारस आहे काय?’

हा शब्द काय आहे ते सांगून टाकते, कारण मलाही तो दहा वेळा ऐकून घ्यावा लागला. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी इब्री भाषेत देवाची गाणी रचली गेली. मंदिरात म्हणायची, लढाईनंतर म्हणायची, दुखण्यात एकट्यानं म्हणायची. मास्तरांचं घराणं आजीच्या पिढीपासून ख्रिस्ती. त्यांच्या प्रार्थनेत ती गाणी मराठीतून म्हणतात, त्यांना स्तोत्रं म्हणतात. त्या स्तोत्रांत ओळीच्या शेवटी सत्तरेक ठिकाणी ‘सेला’ येतो, आणि त्याचा नक्की अर्थ आज कुणालाच ठाऊक नाही. कुणी म्हणतं, इथं गाणाऱ्यानं थांबावं आणि वाजवणाऱ्यानं वाजवावं. कुणी म्हणतं, इथं आवाज चढवावा. अर्थ लागेना म्हणून भाषांतर करणाऱ्यांनी शब्द होता तसाच ठेवला. वाचणारे बहुतेक तो सोडून पुढं जातात. मास्तर सोडत नसत. “लिवलेलं हाय म्हंजे कुणीतरी मुद्दाम लिवलंय. समजत न्हाई ते गाळायचं म्हटलं तर तुमचा निम्मा सातबारा गाळावा लागंल, ताई.”

पहिल्यांदा आले तेव्हा हातात तीन वह्या होत्या. अक्षर मोत्यासारखं, शाळामास्तराचं. मी टाइप करायला घेतलं, तर जागोजागी ‘सेला’. मला वाटलं, बोलताना ‘श’चा ‘स’ करणारे लोक, लिहिण्यातही तो आला असेल. गाणं झालं की राजा गवयाला शेला देतो, त्यात न समजण्यासारखं काय आहे? मी संगणकाला एका झटक्यात सगळे ‘सेला’ बदलून ‘शेला’ करायला लावले. वाक्य नीट लागावं म्हणून दोन ठिकाणी ‘शेला देण्यात आला’ असंही घातलं. चार दिवसांनी मास्तर छापील पानं घेऊन आले.

“ताई, हे सत्तर शेले कुणी वाटले?”

“राजानं.”

“कुणाला?”

“गवयाला. गाणं झाल्यावर.”

“हितं तर गाणं अर्ध्यात हाय. गवई गातोय अन् राजा मधीच उठून त्याच्या अंगावर शेला टाकतोय?”

“आवडलं असेल त्याला.”

मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला राग आला, कारण चूक माझी होती. पुढच्या वहीत त्यांनी तळटीप घातली : ‘गेवराई येथील एका विदुषीच्या मते हा शब्द वस्त्रवाचक असावा.’ ती काढा, ती काढा, म्हणून मी अकरा वर्षं भांडले. आजही ती एकोणिसाव्या पानावर आहे.

खरं तर काम महिनाभराचं होतं. तलवाड्याच्या त्यांच्या वस्तीत आजीच्या पिढीतल्या बायांनी ही स्तोत्रं आपल्या चालींवर बसवली होती. दळणाच्या, खुरपणीच्या, पाळण्याच्या. अशी सतरा गाणी मास्तरांकडं होती. ती छापायची, पुढं दोन पानांची ओळख जोडायची, झालं. पण मास्तर म्हणाले, “गाणं आलं कुठून ते सांगितल्याबिगर गाणं कसं द्यायचं?” तिथं माझा महिना संपला आणि अकरा वर्षं सुरू झाली.

‘उगम’ दर वर्षी मागं मागं सरकत गेला. पहिल्या मसुद्यात सुरुवात दावीद राजापासून होती, कारण बरीच स्तोत्रं त्याच्या नावावर आहेत. मी पानं लावून दिली. सहा महिन्यांनी मास्तर हजर. “राजाच्या आधी बाया हायत. मिसरच्या गुलामीतून समुद्र ओलांडून सगळे सुटले, तवा पहिल्यांदा एका बाईनं डफ हातात घेतला. बाकीच्या तिच्या मागं. पुरुषांनी लई नंतर लिवून काढलं अन् वर आपली नावं टाकली.” हा बदल मी कुरकुर न करता केला. पुढच्या वर्षी त्याच्याही मागं. इब्री लोकांच्या उत्तरेकडच्या शेजाऱ्यांची गाणी मातीच्या पाट्यांवर सापडली आहेत. त्यांचा देव पावसाचा, ढगांवर स्वार होऊन गडगडणारा. इब्री गाण्यांची घडण पुष्कळशी तशीच आहे, असं मास्तरांनी कुठून कुठून पुस्तकं मागवून वाचलं. लोकांना वाटलं, आता मास्तरांची श्रद्धा डळमळणार. कशाची डळमळते! मास्तर खुशीत. “ठेवण शेजाऱ्याची घेतली अन् देव आपला ठेवला. आमच्या आजीनं दुसरं काय केलं?”

त्या गाण्यांची एक रीत अशी की एक गोष्ट सांगायची आणि लगेच तीच जराशा वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगायची. रीत चांगली असेल, पण मास्तरांना ती लागली. “ताई, पान चुकलंय. कागदावर दोष दिसतोय.” “ताई, वीज गेली. दिवा मालवला.” मी म्हणाले, “मास्तर, एकदाच सांगा, मला कळतं. बहिरी नाही मी.” त्यावर ते म्हणाले, “तुमच्या कानी पडतंय. तुमाला ऐकू येतंय.” समोर सातबारा घ्यायला आलेला शेतकरी उठून बाहेर जाऊन उभा राहिला.

काही स्तोत्रांवर ‘दावीदाचे’ असा मथळा असतो. या ‘चे’वर मास्तरांनी पावसाळ्याचे चार महिने घातले. “हा ‘चे’ कुणाचा, सांगा. दावीदानं रचलं ते? दावीदासाठी रचलं ते? दावीदाच्या घराण्याच्या वहीतलं ते? मूळ भाषेत यातलं काहीही असू शकतंय. आता ह्या दुकानाला समदे ‘ताईचं दुकान’ म्हणतात. तुमी बांधलं का?” मी म्हटलं, “नाही, भाड्याचं आहे.” “बघा! अन् दोन हजार वर्षांनी कुणीतरी लिवणार, हे दुकान ताईनं आपल्या हातानं बांधलं.” मग मंदिरातली गवयांची घराणी आली. आसाफाचं एक, कोरहाचं एक. बापाकडून लेकाकडं गाणं जायचं. आपापल्या चोपड्या ते जपत असतील, असं मास्तर म्हणत. पुढं शहर पडलं, मंदिर जळलं, माणसं परमुलखात नेली गेली, आणि परत आल्यावर उरलंसुरलं गोळा करून पाच गठ्ठे बांधले गेले. हे सगळं मला पाठ आहे. मुलांच्या जन्मतारखा एक वेळ विसरेन.

एका वर्षी तर कहर झाला. काही स्तोत्रांत ओळींची पहिली अक्षरं वर्णमालेच्या क्रमानं येतात. तसं एक आपण मराठीत करून दाखवावं, म्हणजे वाचकाला मेहनत कळेल, असं मास्तरांनी ठरवलं. ‘क’पासून सुरुवात केली. ‘ङ’ आणि ‘ञ’ त्यांनी दंडवत घालून ओलांडले. ‘ट’, ‘ठ’, ‘ड’, ‘ढ’ ओढूनताणून झाले. ‘ण’वर गाडी थांबली. तीन आठवडे ते रोज दुकानात येऊन विचारत, “ताई, ‘ण’नं सुरू होणारा एखादा शब्द?” मी गिऱ्हाइकांनाही विचारलं. नाही म्हणजे नाही. शेवटी म्हणाले, “इब्री लोकांचं नशीब चांगलं. त्यांच्यात ‘ण’ न्हाई.” आणि सगळं फाडून टाकलं. बारा अक्षरांच्या तीन-तीन, छत्तीस ओळी! सगळ्या टाइप केलेल्या!

‘सेला’बद्दल त्यांचं स्वतःचं मतही होतं, आणि ते मला अजूनही बरं वाटतं. त्यांची आई, माई, जात्यावर दळताना गायची. दळता दळता घातलेली मूठ संपली की जात्याच्या तोंडात पुढचं धान्य घालावं लागतं. त्याला वैरण घालणं म्हणतात. त्या क्षणी हात थांबतो आणि गाणंही थांबतं, पण गाणं संपलेलं नसतं. मास्तर म्हणाले, “सेला म्हंजे वैरण घालायची जागा. हे कुण्या पंडिताला कळणार न्हाई, कारण पंडित दळत न्हाई.” मी म्हटलं, “मग लिहा हे, आणि संपवा.” ते म्हणाले, “पुरावा पाहिजे.” मी कपाळावर हात मारला.

माझा खरा स्फोट झाला तो चालींवरून. पुष्कळ स्तोत्रांच्या डोक्यावर ‘अमुक चालीवर’ अशी सूचना असते. एका चालीचं नाव पहाटेच्या हरिणीवरून, एकीचं लांबच्या झाडांवरच्या मुक्या पारव्यावरून, एकीचं कमळांवरून. नावं राहिली, चाली गेल्या. त्या काळी सगळ्यांच्या तोंडी असणार, म्हणून फक्त नाव लिहिलं. आज एकही चाल कुणाला येत नाही. मास्तर हे सांगताना हळवे होत. त्या दिवशी लग्नसराईची गर्दी होती, प्रिंटरमध्ये कागद अडकला होता आणि मास्तरांनी नवीन वही पुढं केली. पहिल्या गाण्यावर लिहिलं होतं, ‘चाल : खुरपणीची’. दुसऱ्यावर, ‘चाल : मामाच्या गावाची’. तिसऱ्यावर, ‘चाल : काळ्या म्हशीची’.

मी म्हणाले, “मास्तर, काळ्या म्हशीची चाल कशी आहे?”

“ती सगळ्यांना येती.”

“सगळे म्हणजे कोण? मला नाही येत. या नवरदेवाच्या बापाला विचारा. काका, येते का तुम्हाला काळ्या म्हशीची चाल?”

लग्नपत्रिका घ्यायला आलेला माणूस म्हणाला, “आमच्याकडं जर्सी हाय.”

“ऐकलंत? दहा वर्षं तुम्ही मला सांगताय की त्या लोकांनी नावं लिहिली आणि चाली घालवल्या. आणि स्वतः काय करताय? सतरा नावं लिहिताय! उद्या तुम्ही गेलात की तुमची म्हैस पण गेली हरिणीच्या मागं.”

मास्तरांनी बोट वर केलं नाही. वही उचलली आणि गेले. महिनाभर आले नाहीत. मला वाईट वाटलं असं म्हणणार नाही, पण रोज साडेदहाला मी दाराकडं बघत होते.

आले ते घशाला मफलर गुंडाळून, ऐन मे महिन्यात. आवाज फाटलेला. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी गाठ सांगितली होती. शस्त्रक्रिया आठ दिवसांवर होती, आणि स्वरयंत्र काढून टाकावं लागणार होतं. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. एवढं सांगून झाल्यावर मास्तरांनी पिशवीतून ‘उगम’ काढला. “पान सातवर एक स्वल्पविराम राहिलाय.”

मी उठले, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “गा.”

“ताई, असं दुकानात? देवाचं गाणं...”

“तुमच्या त्या बाईनं समुद्राच्या काठावर गायलं, ओल्या कपड्यांनी. तुम्हाला पंखा आहे. गा.”

सात दिवस रोज ते आले. कधी दोन, कधी तीन. पहिल्या दिवशी शटरखालून कुणीतरी ओरडलं, “रहिवासी दाखला मिळंल का?” ते तिसऱ्या गाण्यात कायमचं राहिलंय. काळ्या म्हशीची चाल अवघड निघाली. ती मध्येच अशी वळते की ऐकणाऱ्याचा तोल जावा. फाटक्या आवाजातही मास्तर वळण चुकले नाहीत. सातव्या दिवशी सोळा झाली. मी म्हटलं, “सतरावी?” शेवटच्या गाण्यावर लिहिलेलं होतं, ‘चाल : माईच्या दळणाची’.

“ती उद्या.”

“उद्या तुमची गाडी आहे.”

“मग आल्यावर.”

“आल्यावर कशानं म्हणणार?”

ते उठले, शटरखालून वाकून बाहेर पडले. मला असला संताप आला की मी तो स्वल्पविराम दिलाच नाही.

शस्त्रक्रियेनंतर मास्तर पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा आणि पेन्सिल घेऊन हिंडत. सांगायचं ते लिहून दाखवत. एक गोष्ट दोनदा सांगण्याची सवय मात्र गेली. एका दुपारी दुकान रिकामं होतं. त्यांनी कागद माझ्यापुढं सरकवला. लिहिलं होतं : ‘सतरावी मला येत नव्हती. माईची चाल मी विसरलो. वीस वर्षं झाली.’ मी वाचून वर पाहिलं. त्यांनी कागद ओढून घेतला आणि खाली लिहिलं : ‘माणूस चाल विसरू लागला की तिचं नाव लिहून ठेवतो. त्या लोकांचंही असंच झालं असणार. उगम प्रकरणात हे घालावे.’

म्हणजे त्याही वेळी प्रकरण! मी विचारलं, “तुमच्या बहिणीला येत असेल ना? धारूरच्या अक्काला?” त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं : ‘तिला विचारायचे नाही.’

अक्का त्यांची थोरली बहीण, धारूरला किल्ल्याच्या बाजूला एकटी राहते. नऊ वर्षांपूर्वी माई वारली, तेव्हा मातीच्या वेळी वाचायला मास्तरच उभे होते. माईच्या आवडीचं स्तोत्र. अर्ध्यावर ‘सेला’ आला. मास्तरांनी बोट वर केलं, डोळे मिटले आणि गप्प झाले. दुपारचं ऊन, सगळे उभे. फावडेवाल्यांना वाटलं, वाचन संपलं. त्यांनी माती लोटायला सुरुवात केली. मास्तरांनी डोळे उघडले तेव्हा खड्डा निम्मा भरला होता, आणि अक्का हातात मातीची मूठ घेऊन तशीच उभी होती. लेकीची पहिली मूठ पडायची ती राहूनच गेली. अक्का त्या दिवसापासून भावाशी एक शब्द बोलली नाही. हे मला तलवाड्याच्या लोकांनी सांगितलं. मास्तरांनी या एका गोष्टीबद्दल माझ्यापुढं कधी तोंड उघडलं नाही.

मार्चमध्ये ते झोपेत गेले. अक्का आली होती. लांब, लिंबाच्या झाडाखाली बसली, मातीची मूठ टाकून पुढच्या गाडीनं परत गेली. त्या दिवशी तिला काही विचारणं मला जमलं नाही. मला सहसा सगळं जमतं.

आता संध्याकाळ झालीय आणि पान सत्त्याण्णव समोर आहे. बाकीच्या सोळा गाण्यांखाली मोबाइलनं टिपायचे चौकोन लावलेत, टिपलं की मास्तरांचा आवाज ऐकू येतो. सत्त्याण्णववर वर ‘चाल : माईच्या दळणाची’ आणि खाली पांढरं. हे असंच छापलं तर कुणाचं काही बिघडणार नाही. वाचणारा सोडून पुढं जाईल. पण मी त्या माणसाला गिऱ्हाइकांसमोर जे बोलले ते मला आठवतं, आणि आता तीच चूक माझ्या हातून छापली जातेय. विचारायचं नाही असं मास्तरांनी लिहून दिलंय, ठळक अक्षरांत. मास्तरांचं ऐकून कुणाचं कधी भलं झालंय?

२० जून. सकाळी सहाच्या गाडीनं बीड आणि तिथून धारूर गाठलं. अक्का ओट्यावर ज्वारी पाखडत बसली होती. अंगानं काडी, डोळे मास्तरांचे. मी कोण ते सांगितलं.

“त्याची टायपिनवाली व्हय? आता कावून आलीस? जित्तेपणी न्हाई आला, मेल्यावर तुला धाडली?”

“त्यांनी नाही धाडलं. विचारू नको म्हणून लिहून गेले.”

“मंग?”

“मी आले. माईची दळणाची चाल पाहिजे.”

अक्कानं सूप थांबवलं नाही. “इसरला ना?”

“हो.”

“मला ठावं हुतं. पुस्तकं वाचाय लागला तवाच इसरला.” ज्वारी वर उडाली, खाली आली. “लई हुशार. समद्या दुनियेची गाणी कुठून आली ते सांगायचा. माईचं कुठून आलं ते शेजारी बसून इचारलं न्हाई कदी.”

मी फोन काढून ओट्यावर ठेवला. अक्कानं त्याच्याकडं पाली-झुरळाकडं बघावं तसं बघितलं.

“ते काय?”

“यात भरून घेते. तुम्ही एकदा म्हणा फक्त. आज संध्याकाळी फाइल द्यायचीय.”

“त्याची गानी बी ह्याच्यातच भरलीस का?”

“हो.”

“किती डाव ऐकलीस?”

नीट चालतात का ते तपासायला मी प्रत्येकाचं पहिलं अर्धं मिनिट लावलं होतं. तेवढंच. मी खोटं बोलले नाही. “पुरतं एकही नाही.”

“मंग? ठेव ते पिशवीत. त्यात घातलं की झालं, कुनी तोंडात घेत न्हाई. गानं पायजे तर शिकून जा.”

“अक्का, मला गाता येत नाही.”

“मला तरी कुठं येतंय? पाखडाय येतं का?”

“ते येतं.”

तिनं सूप माझ्याकडं सरकवलं. मी पदर खोचला. सुपाचा आवाज एका लयीत बसल्यावर ती माझ्या हाताकडं बघत म्हणायला लागली. आवाज बारीक, चिरका, पण सरळ. चाल साधी होती. इतकी साधी की ती विसरता कशी येते, असं मला वाटलं. मग मी म्हणून बघितली आणि कळलं.

साडेनऊला छापखान्याचा फोन आला. मी म्हणाले, फाइल आज मिळणार नाही. त्यानं विचारलं, काय राहिलंय? पान कोरं सोडू का? म्हटलं, कोरं सोडू नकोस आणि भरूही नकोस, मी कळवते. अक्का म्हणाली, “हात थांबवू नगं.”

दहा वाजता मला पहिली ओळ आली. अकराला दुसरी. पोरं शाळेला जाता जाता ओट्यासमोर थांबून हसली, अक्कानं त्यांना हाकललं. तिसऱ्या ओळीत चाल उतरते तिथं मी चढले. अक्कानं माझ्या हातातून सूप घेतलं, पडलेले दाणे वेचून परत सुपात टाकले, सूप माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, “हं. म्हण.”